ओटीपोटाची सीटी अँजिओ : पैसे कशाचे, आणि कुणाला विचारून

डोंबिवलीतल्या एखाद्या डायग्नोस्टिक सेंटरला फोन लावून "सीटी अँजिओचे किती?" असं विचारा. पलीकडून बहुधा प्रतिप्रश्न येईल, "हार्टची ना?" तुम्ही "नाही, ओटीपोटाची" म्हणालात की थोडा वेळ होल्ड, मग एक आकडा. हा आकडा पोटाच्या साध्या कॉन्ट्रास्ट सीटीचा असू शकतो, पायांच्या अँजिओचा असू शकतो, कॉन्ट्रास्ट धरून असू शकतो किंवा सोडून. तीन सेंटरांचे आकडे वहीत लिहून सगळ्यात कमी रकमेभोवती गोल केलात, तर बहुतेक वेळा तीन वेगळ्या तपासण्यांचीच तुलना केलेली असते.

ही तपासणी दोन प्रकारच्या घरांत पोचते. एका घरात प्रोस्टेट वाढल्याने रात्रीतून चार-पाच वेळा उठणारे आजोबा असतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यामुळे सर्जन ऑपरेशनला का-कू करत असतात. दुसऱ्या घरात फायब्रॉइडमुळे पाळीत भरपूर अंगावर जाणारी, हिमोग्लोबिन सतत खाली असलेली चाळिशीतली बाई असते आणि तिला गर्भाशय काढून टाकायचं नसतं. दोघांनाही हल्ली एम्बोलायझेशनचा पर्याय सुचवला जातो. मांडीतून किंवा मनगटातून बारीक कॅथेटर घालायचा, प्रोस्टेटला किंवा फायब्रॉइडला रक्त पुरवणाऱ्या धमनीपर्यंत न्यायचा आणि तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून बारीक कण सोडून पुरवठा तोडायचा. फायब्रॉइडसाठी ही पद्धत पॅरिसच्या जाक राविना यांच्या गटाने 1995 मध्ये 'लॅन्सेट'मधून मांडली. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ब्राझीलच्या फ्रान्सिस्को कार्नेव्हाले यांनी 2010 मध्ये आपले पहिले रुग्ण प्रसिद्ध केले. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, एक-दोन दिवसांत घरी. मात्र हे काम करणारा डॉक्टर सर्जन नसतो. तो इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट असतो. खर्चाचे बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात, कारण तपासणी लिहून देणारा एक आणि नळी घालणारा दुसराच असतो.

सीटी अँजिओचा नकाशा लागतोच कशाला?

कल्याणहून एक फाटा कर्जतला आणि एक कसाऱ्याला जातो, हे कायमचं ठरलेलं आहे. ओटीपोटातल्या धमन्यांचं तसं नाही. कमरेखालच्या अंतर्गत इलियाक धमनीला फांद्या कुठून फुटतील, हे माणसागणिक बदलतं. एवढंच नव्हे, तर एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूलाही ते वेगळं असतं. जपानी शरीररचनातज्ज्ञ बुंतारो अदाची यांनी 1928 मध्ये या धमनीच्या फांद्यांचे प्रकार पाडले आणि आजही रेडिओलॉजिस्ट त्यांचं नाव घेतात. प्रोस्टेटच्या धमनीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. ती जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते, वयस्कर माणसात वेडीवाकडी झालेली असते, आणि तिचा उगम ठरलेला नसतो. साओ पावलोच्या गटाने 2015 मध्ये 143 रुग्णांच्या दोन्ही बाजू तपासल्या, तेव्हा सुमारे 31 टक्के बाजूंत ती अंतर्गत प्युडेंडल धमनीतून, 29 टक्क्यांत मूत्राशयाच्या वरच्या धमनीबरोबरच्या एका खोडातून आणि 19 टक्क्यांत ऑब्च्युरेटर धमनीतून निघाली होती. उरलेल्यांत आणखी निराळे मार्ग.

रुग्णाला या टक्केवारीचं काय? हेच की प्रोस्टेटच्या धमनीला मूत्राशय, गुदाशय आणि शिश्नाकडे जाणाऱ्या बारीक जोडवाटाही असू शकतात. कण त्या वाटेला लागले, तर भलत्याच जागेचा रक्तपुरवठा तुटतो. फायब्रॉइडमध्ये वेगळा पेच असतो. काही बायकांत गाठीला गर्भाशयाच्या धमनीबरोबर अंडाशयाच्या धमनीतूनही रक्त येतं, आणि ही धमनी खाली ओटीपोटात नव्हे, वर मूत्रपिंडाजवळ महाधमनीतून निघते. ती चित्रात आलीच नाही, तर प्रक्रिया 'यशस्वी' होऊनही गाठ पोसलेली राहू शकते. म्हणून फक्त 'पेल्व्हिस'पुरता स्कॅन कधी पुरतो आणि कधी अपुरा पडतो, हे प्रक्रिया करणाराच सांगू शकतो.

आधी नळीवाल्या डॉक्टरांना भेटा

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा : सीटी अँजिओची चिठ्ठी प्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या हातची हवी. युरॉलॉजिस्टने किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाने 'सीटी अँजिओ पेल्व्हिस' एवढंच लिहिलं आणि तुम्ही रामनगरमधून किंवा नौपाड्यातून ती उरकून घेतलीत, तर दहा हजार रुपये खर्चून आणलेला स्कॅन बघून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणू शकतो, "यात बारीक धमन्या दिसत नाहीत, परत करावा लागेल." किंवा त्याहून वाईट : "मला हा लागतच नव्हता."

ही दुसरी शक्यता फारशी कुणी सांगत नाही. चांगल्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे ही नळी घालतात त्या खोलीत, कोन-बीम सीटी असतं. म्हणजे प्रक्रिया चालू असतानाच टेबलाभोवती यंत्र फिरवून धमन्यांचं त्रिमितीय चित्र घेता येतं. ते असेल तर काही डॉक्टर प्रोस्टेटसाठी आधीचा स्कॅन मागत नाहीत. काही मागतात, कारण आधी नकाशा पाहिला की टेबलावरचा वेळ आणि किरणं कमी होतात. फायब्रॉइडच्या रुग्णाला एमआरआय तर करावाच लागतो. गाठी किती, कुठल्या, कॉन्ट्रास्टने उजळतात की मेलेल्या आहेत, हे त्यातच कळतं. त्याच एमआरआयमध्ये अँजिओचा भाग जोडून घेतला की वेगळी सीटी अनेकदा वाचते. चाळिशीच्या आतल्या, पुढे मूल हवं असलेल्या बाईच्या ओटीपोटाला नाहक किरणं द्यायची नाहीत, हाही मुद्दा त्यात आहे.

ठाण्यात कॅथलॅब असलेली रुग्णालयं कमी नाहीत. पण त्यातल्या बऱ्याच कॅथलॅब हृदयासाठी उभारलेल्या असतात. त्यांचा डिटेक्टर लहान असतो आणि कोन-बीमची सोय असतेच असं नाही. "तुमच्या कॅथलॅबला कोन-बीम आहे का, आणि आधीचा स्कॅन तुम्हाला हवाच आहे का?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला संकोच करू नका. कन्सल्टेशनचे हजार-दीड हजार रुपये इथे सगळ्यात चांगले वसूल होतात.

चिठ्ठीवर काय असावं, हेही त्याच भेटीत मागून घ्या. स्कॅन कुठून कुठपर्यंत, धमनीच्या टप्प्यात, किती जाडीच्या चकत्या. मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ चकत्या हव्यात. पाच मिलिमीटरच्या चकत्यांत एक-दीड मिलिमीटरची धमनी हरवते. आणि ती बारीक धमनी फुलावी म्हणून स्कॅनआधी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन द्यायचं का, हेही लिहिलेलं असावं. या शेवटच्या मुद्द्याकडे पुन्हा यायचंच आहे.

आता आकडे

खालच्या रकमा हे ठाणे ते कल्याण पट्ट्यातले अंदाजाचे पट्टे आहेत, दरपत्रक नव्हे. फोन करताना कानाला काय ऐकू यायला हवं, एवढ्यासाठीच ते वापरा.

स्वतंत्र डायग्नोस्टिक सेंटरमध्ये पोट-ओटीपोटाची सीटी अँजिओ साधारण 6 ते 12 हजारांत होते. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात तीच 12 ते 20 हजारांपर्यंत जाते. अ‍ॅडमिट असताना केली तर खोलीच्या वर्गाप्रमाणे दर आणखी चढतो. म्हणून शक्य तर ओपीडीवरच उरका. 64 स्लाइसचं यंत्र या कामाला पुरतं. '128' किंवा '256' ऐकून जास्त पैसे मोजण्याआधी हे काम आधी केलेला टेक्निशियन तिथे आहे का, हे विचारा. यंत्र कितीही भारी असलं तरी कॉन्ट्रास्ट धमनीत पोचण्याची वेळ दोन-चार सेकंदांनी चुकली, तर चित्र फुकट जातं.

कॉन्ट्रास्ट म्हणजे हातातून टोचायचं आयोडीनयुक्त औषध. 80 ते 100 मिली लागतं. इथेच बिल फुगतं. काही सेंटरं ते दरात धरतात, काही वेगळं लावतात, काही तर समोरच्या मेडिकलमधून आणायला सांगतात. दीड ते तीन हजार असा फरक यातून पडतो. बाटलीवर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते, त्यावर घासाघीस होते, आणि बाहेरून आणायचं असेल तर पक्की पावती घ्या, कारण विम्याला ती लागते. त्याखेरीज रक्तातलं क्रिएटिनीन 150 ते 400 रुपये, सलाइन-इंजेक्टरचं साहित्य काही ठिकाणी वेगळं, सीडीचे शंभर-दोनशे. तपासणीवर जीएसटी नाही; कुणी बिलात लावला तर कशावर लावला ते विचारा.

तेव्हा फोनवरचा प्रश्न "किती?" एवढा नसावा. "सीटी अँजिओ, महाधमनीपासून मांडीच्या सांध्यापर्यंत, कॉन्ट्रास्ट, साहित्य, रिपोर्ट आणि पातळ चकत्यांची सीडी धरून एकूण किती?" असा सवाल टाका. समोरचा गोंधळला तर टेक्निशियनशी बोलायचंय म्हणा. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. आणि दर ऐकल्यावर "डॉक्टरांचं नाव सांगितलं तर?" या प्रश्नाला रक्कम बदलत असेल, तर मधला फरक कुणाकडे जातो हे समजून घ्या. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनी बंद केलेलं आहे. कट प्रॅक्टिस त्याने थांबली असं म्हणायला फार भोळेपणा लागेल, पण "माझं मी शोधून आलोय, तर दर काय?" एवढं विचारल्याने हजार-दोन हजार सुटतात, हे खरं.

यंत्रावर जाण्याआधी

क्रिएटिनीनचा ताजा रिपोर्ट खिशात असू द्या. मूत्रपिंडाची गाळणक्षमता, रिपोर्टवर जी ईजीएफआर म्हणून लिहिलेली असते, ती 30 च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्ट देण्याचा निर्णय डॉक्टरांनी विचारपूर्वक घ्यायचा असतो आणि मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन थांबवावं लागतं. त्यावर असेल तर ते सहसा थांबवावं लागत नाही, तरी बरीच सेंटरं सावधगिरी म्हणून सगळ्यांनाच दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. मधुमेह सांभाळणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने हे करू नका. प्रोस्टेट अडून मूत्रपिंडावर ताण आलेल्या वृद्धांत ही चाचणी औपचारिकता नसते. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पुरळ किंवा दम लागला असेल तर ते आधी सांगा. थायरॉइडचा त्रासही सांगा.

आता जिभेखालच्या गोळीचं. प्रोस्टेटसाठी रोजची 5 मिलिग्रॅम टाडालाफिल अनेक पुरुषांना चालू असते. घरात ती 'लघवीची गोळी' म्हणून ओळखली जाते, आणि सेंटरच्या फॉर्मवर कुणी तिचा उल्लेख करत नाही, कधी विसरून, कधी लाजून. टाडालाफिल घेतल्यापासून 48 तासांच्या आत नायट्रोग्लिसरीन दिलं तर रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. सिल्डेनाफिलच्या बाबतीत हे अंतर 24 तासांचं. म्हणून गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या आणि टेक्निशियनसमोर ठेवा. सूनबाई बरोबर आहे म्हणून सासऱ्यांनी पाकीट लपवायचं, असला संकोच इथे महाग पडेल.

कोपरापाशी जाडसर कॅन्युला लावतात, कारण औषध सेकंदाला चार-पाच मिली वेगाने आत जातं. अंगातून गरम लाट जाते, लघवी झाली की काय असं वाटतं, झालेली नसते. प्रत्यक्ष स्कॅन मिनिटाभरात संपतो. ॲलर्जी वगैरे दिसली तर बघता यावं म्हणून नंतर अर्धा तास तिथेच बसवतात, तेव्हा पार्किंगचा हिशेब त्याप्रमाणे करा. घरी आल्यावर पाणी भरपूर, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर.

तुमच्याकडे आधीचा सीटी असेल तर तो टाकू नका, पण त्यावर फार भिस्तही ठेवू नका. मुतखड्यासाठी केलेला साधा सीटी कॉन्ट्रास्टशिवाय असतो, त्यात धमन्यांचं काही दिसत नाही. पोटदुखीसाठी केलेला कॉन्ट्रास्ट सीटी बहुधा उशिराच्या टप्प्यात घेतलेला असतो. तरीही सीडी दाखवावी. कधीकधी त्यावरूनच भागतं आणि आठ-दहा हजार वाचतात.

हातात काय पडायला हवं

फिल्म नको. फिल्म हे बिलाला वजन आणणारं प्लास्टिक आहे. कॅथलॅबमधला माणूस ती क्वचितच बघतो. त्याला हवा असतो तो मूळ डेटा, पातळ चकत्यांचा, डायकॉम स्वरूपातला. बऱ्याच सेंटरांत पाठवण्यासाठी जाड चकत्यांचा संच वेगळा करतात आणि पातळ संच यंत्रावर काही काळच ठेवतात. त्यामुळे त्याच दिवशी सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा आणि घरी जाऊन एकदा उघडून बघा. चकत्यांची संख्या शेकड्यांत असली पाहिजे. चाळीस-पन्नासच दिसल्या तर परत जा. रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी 72 तासांत द्याव्यात, असं वर उल्लेखिलेल्या 2002 च्या नियमांतच आहे. काउंटरवर हे शांतपणे सांगितलं की काम होतं.

रिपोर्ट घेताना एक ओळ शोधा. "दोन्ही बाजूच्या अंतर्गत इलियाक धमन्या आकार व मार्गाने नॉर्मल" एवढ्यावर धमन्यांचा विषय संपला असेल, तर प्रक्रियेसाठी त्या रिपोर्टला काही किंमत नाही. उजवीकडे प्रोस्टेटची किंवा गर्भाशयाची धमनी कुठून निघते, डावीकडे कुठून, जोडवाटा दिसतात का, महाधमनी-इलियाकमध्ये कॅल्शियमचे थर किंवा वळसे किती, हे लिहिलेलं हवं. नसेल तर "पुरवणी रिपोर्ट द्या" अशी विनंती करता येते आणि चांगला रेडिओलॉजिस्ट ती मान्य करतो. त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असं माझं मत. चिठ्ठी मोघम असेल तर रिपोर्टही मोघम येतो, म्हणून मघाशी चिठ्ठीवर एवढा भर दिला.

विमा आणि सरकारी वाटा

फक्त तपासणीसाठी ॲडमिट झाल्यास मेडिक्लेम पैसे देत नाही. पॉलिसीत तपासणी-आणि-मूल्यमापन वगळणारं कलम असतंच. पुढे त्याच आजारासाठी दावा मंजूर झाला तर मात्र भरतीपूर्वीचा खर्च म्हणून स्कॅनचे पैसे मिळतात, आणि हा भरतीपूर्वीचा काळ पॉलिसीप्रमाणे बहुधा 30 किंवा 60 दिवसांचा असतो. चैत्रात स्कॅन आणि श्रावणात प्रक्रिया असं केलं की ते पैसे गेले.

इथे फायब्रॉइड आणि प्रोस्टेट यांच्यात एक मोठा फरक आहे. विमा नियामक आयआरडीएआयने 2019 मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली. ते सरसकट वगळता येत नाहीत, फार तर मर्यादा घालता येते. गर्भाशयाच्या धमनीचं एम्बोलायझेशन त्या यादीत नावानिशी आहे. प्रोस्टेटसाठी यादीत लेझर उपचार आहेत, एम्बोलायझेशन नाही. याचा अर्थ ते मिळतच नाही असा नाही. पण कॅशलेसची पूर्वमंजुरी लेखी हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर ते डे-केअरमध्ये बसतं का, हेही विचारा. प्रोस्टेट आणि फायब्रॉइड दोन्हींना नव्या पॉलिसीत सहसा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचं कवच आहे आणि सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाच्या अटीशिवाय मिळतं. पण या योजना ठरलेल्या पॅकेजांवर चालतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला 'प्रोस्टेट' एवढंच न सांगता प्रक्रियेचं पूर्ण नाव दाखवा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

पहिली तपासणी आणि रक्ताच्या चाचण्यांसाठी कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. पुढच्या कामासाठी मात्र मुंबईची मोठी सरकारी-पालिका रुग्णालयं गाठावी लागतात. केईएमला परळ, सायन रुग्णालयाला सायन. दोन्हीकडे स्लो गाडीच धरायची. पैसे काही पटींनी कमी, रांग काही पटींनी लांब. कण आणि मायक्रोकॅथेटर बाहेरून आणायला सांगितलं जाऊ शकतं, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांचाच असतो.

खासगीत संपूर्ण प्रक्रियेचा अंदाज फायब्रॉइडसाठी सव्वा ते अडीच लाख, प्रोस्टेटसाठी पावणेदोन ते साडेतीन लाख धरून चला. लेखी एस्टिमेट मागताना त्यात मायक्रोकॅथेटर किती धरलेत आणि कणांच्या बाटल्या किती, ते बघा. आणि शेवटचा प्रश्न, जो नकाशा बघितल्यावरच विचारता येतो : धमनी इतकी वाकडी निघाली की एकाच बाजूला कण सोडता आले, किंवा कुठेच नाही, तर बिल किती होईल? कॅथलॅब आणि उघडलेलं साहित्य पूर्ण लागेल, डॉक्टरांची फी निम्मी होईल, की सगळंच पॅकेज भरावं लागेल? दुसरी बाजू नंतर पुन्हा करायची ठरली तर नवं पॅकेज की फक्त साहित्याचे पैसे? बिलिंग काउंटरकडे याचं तयार उत्तर नसतं. डॉक्टरांनी ते एस्टिमेटच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून सही केली, की मगच ॲडव्हान्स भरा.